आनुवंशिक कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचा धोका : रक्ततपासण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत रक्त तपासून घेणे आता सोपे झाले आहे. फोन केला की लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर कित्येक पानांचा रिपोर्ट येतो. त्या पानांतला कोणता आकडा आपल्या घराला लागू पडतो, हे समजणे मात्र अवघड असते. ज्या घरात कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्या घरातल्या माणसाला रिपोर्टवरचे 'बॉर्डरलाइन' किंवा 'हाय' असे सरसकट शेरे कधी खोटा दिलासा देतात, तर कधी भलत्याच आकड्याची धास्ती घालतात. पुढील प्रश्न अशाच घरांचा विचार करून घेतले आहेत. औषध सुरू करणे, बदलणे वा थांबवणे हा निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा आहे.

आमच्या घरात सगळ्यांनाच कोलेस्टेरॉल आहे. म्हणजे ते आनुवंशिकच ना?

तसे म्हणता येत नाही. एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या, सारखेच बैठे काम करणाऱ्या चार माणसांचे कोलेस्टेरॉल थोडेफार वाढलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. येथे ज्याची चर्चा आहे त्या विकाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. डॉक्टर त्याचा उल्लेख 'एफएच' असा करतात. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणारे, कण पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असला, किंवा एलडीएलवरील अपो-बी या प्रथिनाच्या अथवा पीसीएसके-९ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट बदल असला, की एलडीएल रक्तातून पुरेसे उचलले जात नाही आणि साचत राहते. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हा रिसेप्टर शोधला तो अशाच रुग्णांच्या पेशींचा अभ्यास करताना, आणि १९८५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तरी विकार होतो, आणि प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. जगभरच्या पाहण्यांनुसार साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा विकार असतो. हेच प्रमाण २०११ च्या जनगणनेतील बृहन्मुंबईच्या सव्वा कोटी लोकसंख्येला लावले, तर या शहरातच चाळीस हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा हिशेब निघतो. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला असे काही आहे याची कल्पना नसते, कारण एलडीएल वाढले म्हणून काही दुखत नाही.

साध्या वाढलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा हा विकार वेगळा ठरतो तो मुख्यतः काळामुळे. पन्नाशीत वजन वाढून ज्याचे एलडीएल १६० झाले, त्याच्या रक्तवाहिन्यांना ते काही वर्षेच सोसावे लागलेले असते. एफएच असलेल्या चाळीस वर्षांच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांनी मात्र त्याहून मोठा आकडा पूर्ण चाळीस वर्षे सोसलेला असतो. उपचार न झाल्यास या विकारातील सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत आणि सुमारे तीस टक्के स्त्रियांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो, असे जुन्या निरीक्षणांतून दिसून आलेले आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे काळाचा हा हिशेब आहे.

रिपोर्टमधील कोणता आकडा पाहून शंका घ्यावी?

उपचार सुरू होण्यापूर्वीचे एलडीएल. प्रौढ माणसात ते १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असेल, आणि मुलांमध्ये घराण्यात इतिहास असताना १६० च्या वर असेल, तर आनुवंशिक कारणाचा विचार व्हायलाच हवा. वेगळे एकक सांगितले नसेल तिथे यापुढील आकडेही याच एककात आहेत. एफएचमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, बहुधा फारसे वाढलेले नसते. एलडीएल एकटेच उंच असते, आणि ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रायग्लिसराइड ३५०, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल कमी, पोट सुटलेले आणि साखर सीमेवर, असे आपल्याकडे सर्रास दिसणारे चित्र बहुधा निराळ्या कारणाने होते.

मात्र १९० च्या वरचा प्रत्येक जण एफएचचाच असेल असे नाही. म्हणून डॉक्टर आकड्याला इतर गोष्टींची जोड देतात. वडील, भाऊ किंवा मुलगा यांना पंचावन्नच्या आत, अथवा आई, बहीण किंवा मुलगी यांना साठीच्या आत हृदयविकार झाला होता का, टाचेमागची कंडरा जाड झाली आहे का, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत का, पंचेचाळीसच्या आतच बुबुळाभोवती पांढरट कडे आले आहे का, हे पाहिले जाते. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या गुणपद्धतीत या प्रत्येक गोष्टीला गुण आहेत. त्यांत ३३० किंवा त्याहून अधिक एलडीएलला एकट्याला ८ गुण मिळतात, तर कंडरेवरच्या गाठींना ६. एकूण गुण ८ पेक्षा जास्त झाले की निदान निश्चित मानतात. पापण्यांवरचे पिवळट चट्टे लोकांच्या पटकन नजरेत येतात, पण कोलेस्टेरॉल अगदी व्यवस्थित असलेल्या माणसांतही ते दिसतात.

कोलेस्टेरॉल वाढले म्हणजे रक्त घट्ट झाले ना? मग रक्त पातळ करायची गोळी पुरेशी नाही का?

हा गैरसमज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते. एफएचमध्ये रक्त घट्ट होत नाही, आणि नळीतील सीरम पाहून काही ओळखताही येत नाही. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की ४०० एलडीएल असलेले सीरमही स्वच्छच दिसते. दुधासारखे पांढुरके सीरम दिसते ते ट्रायग्लिसराइड फार वाढल्यावर. ज्याला बोलीत 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात ती ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी बनण्यास अडथळा आणते. एलडीएलवर तिचा काहीही परिणाम होत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, यकृताला एलडीएल उचलायला लावते. एक गोळी चालू आहे म्हणून दुसरी बंद केली, अशा समजुतीने औषध सोडलेली माणसे दवाखान्यात वरचेवर भेटतात.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सांगितली. कोलेस्टेरॉलशी त्यांचा काय संबंध?

थायरॉइड मंदावले की एलडीएल वाढते आणि थायरॉइडच्या गोळीने ते पुष्कळदा आपोआप उतरते. लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणात जाणारा मूत्रपिंडाचा विकार, पित्ताच्या मार्गातील अडथळा आणि काही औषधे यांनीही ते वाढते. ही कारणे वगळल्याशिवाय घराण्यावर आळ घेऊ नये. उलटही खरे आहे. एकाच माणसात टीएसएच वाढलेले (म्हणजे थायरॉइड मंदावलेले) असू शकते आणि एफएचही असू शकतो. म्हणून थायरॉइड ताळ्यावर आल्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी, पुन्हा करावे लागते.

तपासणीसाठी बारा तास उपाशी राहणे आवश्यक आहे का?

एलडीएलच्या पहिल्या चाचणीसाठी बहुतेक वेळा नाही. जेवणाने ट्रायग्लिसराइड चढते, एलडीएल फारसे बदलत नाही. अडचण येते ती गणितात. अनेक लॅबमध्ये एलडीएल थेट न मोजता १९७२ साली मांडलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की हे सूत्र चालत नाही, आणि एलडीएल औषधांनी फार खाली आणलेले असेल तेव्हाही ते डळमळते. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे.

लायपोप्रोटीन-ए ही तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नाही. ती खरोखर करायला हवी का?

हो. एफएच असलेल्या किंवा त्याची शंका असलेल्या प्रत्येक माणसाने ती आयुष्यात निदान एकदा करावी, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही असावी.

लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच एक कण आहे, पण त्याला अपो-ए नावाचे एक जास्तीचे प्रथिन जोडलेले असते. नॉर्वेचे कोर बर्ग यांनी १९६३ मध्ये तो ओळखला. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरणे, तिथे दाह निर्माण करणे आणि हृदयाच्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचण्यास हातभार लावणे, अशी कामे तो करतो. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते. ती साधारण पाचव्या वर्षापर्यंत प्रौढांच्या पातळीला पोचते आणि पुढे आयुष्यभर फारशी हलत नाही. पथ्याने, व्यायामाने, वजन उतरवून ती कमी होत नाही. म्हणून तपासणी दर सहा महिन्यांनी करण्यातही अर्थ नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास आणि मूत्रपिंडाच्या विकारात ती वाढू शकते, एवढाच अपवाद.

पातळी ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर गेली की धोका स्पष्टपणे वाढलेला मानतात. या दोन एककांचे एकमेकांत नेमके रूपांतर करता येत नाही, कारण या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडताना एकक आधी पाहावे. दक्षिण आशियाई लोकांत वाढलेले लायपोप्रोटीन-ए बऱ्यापैकी आढळते, त्यामुळे आपल्याकडे ही चाचणी ऐच्छिक समजू नये.

एफएचच्या संदर्भात तिचे महत्त्व दुप्पट आहे. स्पेनमध्ये एफएच कुटुंबांवर वर्षानुवर्षे चाललेल्या सेफहार्ट या अभ्यासातून धोक्याचे जे समीकरण तयार झाले, त्यात वय, लिंग, आधी झालेला हृदयविकार, रक्तदाब, वजन, धूम्रपान आणि एलडीएल यांच्याबरोबर लायपोप्रोटीन-ए ला स्वतंत्र स्थान मिळाले. एकाच घरातील दोन भावांचे एलडीएल २६० असताना एकाला बेचाळिसाव्या वर्षी झटका येतो आणि दुसरा साठीपर्यंत ठीक राहतो, यामागे हा कण असू शकतो, कारण त्याचे जनुक वेगळे असते आणि ते एफएचच्या जनुकासोबत येईलच असे नाही.

व्यवहारातला आणखी एक मुद्दा. रिपोर्टमधल्या एलडीएलच्या आकड्यात लायपोप्रोटीन-ए मधील कोलेस्टेरॉलही मोजले गेलेले असते, आणि स्टॅटिनने ते उतरत नाही. त्यामुळे नियमाने गोळी घेऊनही एलडीएल अपेक्षेइतके खाली येत नसेल, तर रुग्णावर औषध चुकवल्याचा आरोप करण्यापूर्वी ही तपासणी करून पाहावी.

मग ते वाढलेले निघाले आणि कमी करता येत नसेल, तर जाणून घेऊन काय उपयोग?

उपयोग असा की बाकीच्या गोष्टींत सवलत मिळत नाही हे त्यातून कळते. एलडीएल अधिक खाली ठेवणे, रक्तदाब आणि साखर काटेकोर सांभाळणे, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीही बंद करणे, हे सारे अशा माणसाच्या बाबतीत अधिक लवकर करावे लागते. पीसीएसके-९ ला अडवणारी इंजेक्शने लायपोप्रोटीन-ए सुमारे पाव भागाने उतरवतात. केवळ त्याच्यावर काम करणारी औषधे मोठ्या चाचण्यांत तपासली जात आहेत. शिवाय भावंडांची आणि मुलांची तपासणी कोणत्या क्रमाने करावी हेही या आकड्यावरून ठरवता येते.

एलडीएल मोजलेले असताना अपो-बी कशासाठी?

लोकलचा हिशेब ठेवताना प्रवासी मोजता येतात किंवा डबे मोजता येतात. एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणजे प्रवासी. अपो-बी म्हणजे डबे. प्रत्येक एलडीएल कणावर अपो-बी चा एकच रेणू असतो, तसेच लायपोप्रोटीन-ए आणि ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांवरही एकेकच असतो. म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसू शकणारे कण एकूण किती, हे अपो-बी वरून कळते. मधुमेह, सुटलेले पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड असलेल्या माणसात एलडीएल दिसायला बरे, पण कण लहान आणि संख्येने पुष्कळ, अशी स्थिती असते, आणि तिथे अपो-बी खरे चित्र दाखवते.

निव्वळ एफएचमध्ये एलडीएल आणि अपो-बी बहुधा बरोबरीने वाढलेले असतात, त्यामुळे निदानासाठी तिची निकड नसते. एफएचच्या जोडीला मधुमेह असेल तर ती जरूर करावी, आणि आपल्या शहरात ही जोडी दुर्मीळ नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत फार जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी अपो-बी ६५ च्या खाली असावे असे सांगितले आहे. खर्च परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. मिळणारे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल त्याच्या बरेच जवळ जाते आणि त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

माझे एचडीएल ६२ आहे. 'चांगले' कोलेस्टेरॉल जास्त असल्यावर 'वाईट' माफ होते का?

नाही. औषधाने एचडीएल वाढवून झटके कमी करण्याचे मोठे प्रयोग अपेक्षित यश न देता संपले आहेत. एलडीएल २३० असताना एचडीएलवर समाधान मानू नये. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर 'नॉर्मल' छापून येते तेव्हाही तेच.

हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी वाढलेले आहे. ते किती गंभीर समजावे?

आधी रक्त कोणत्या दिवसांत दिले ते आठवावे. सीआरपी हे शरीरातील दाहाचे माप आहे, आणि दाह कशानेही होतो. पावसाळ्यात मुंबईत डेंगी, मलेरिया किंवा लेप्टोचा ताप येऊन गेला असेल, दाढ सुजलेली असेल, गुडघा दुखत असेल, तर आकडा चढणारच. हृदयाच्या संदर्भात तो लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, असे मानतात. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून दुसरे कारण शोधावे आणि बरे वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

सर्वसाधारण लोकांत, जिथे औषध द्यावे की नाही असा पेच असतो, तिथे या चाचणीचा उपयोग होतो. एफएचमध्ये तो पेचच नसतो. सीआरपी ०.६ आले म्हणून २४० एलडीएलचे औषध टळत नाही. दाह कमी केल्याने हृदयविकार कमी होतात का, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने झटक्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्यावरून उपचाराचा क्रम मात्र बदलत नाही.

पॅकेजमध्ये होमोसिस्टीन, स्मॉल डेन्स एलडीएल, एलपी-पीएलए-२ अशाही तपासण्या होत्या. त्या कराव्यात का?

एफएचसाठी आवश्यक नाहीत. होमोसिस्टीन जीवनसत्त्वांनी उतरवता येते, पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात असे चाचण्यांत आढळले नाही. एलपी-पीएलए-२ ला अडवणारे औषधही २०१४ मधील मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरले. पॅकेज घेऊ नये असे नाही. पण त्याच पैशांत आपली लायपोप्रोटीन-ए तपासणी आणि मुलांचे लिपिड प्रोफाइल होत असेल, तर ते आधी करावे.

ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आहेत. ट्रोपोनिनही नॉर्मल आले. मग काळजी कशाची?

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा होत आहे का, ते सांगते आणि झटक्याच्या निदानासाठी ते मोजतात. ईसीजी त्या क्षणाची नोंद आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर वर्षानुवर्षे साचत असताना हे दोन्ही निर्धोक दिसू शकतात, आणि स्ट्रेस टेस्टमध्येही रक्ताचा मार्ग बराच अरुंद झाल्याशिवाय दोष दिसेलच असे नाही.

मोबाइलवरील धोका मोजणाऱ्या गणकात माझा दहा वर्षांचा धोका फक्त दोन टक्के आला. डॉक्टर तरीही गोळी का देत आहेत?

कारण तो गणक आपल्यासारख्यांसाठी बनवलेला नाही. अशा गणकांमागची फ्रॅमिंगहॅमसारखी गणिते सर्वसाधारण लोकांच्या आकडेवारीवर उभी आहेत आणि त्यांत वयाला फार वजन असते. तिशीतल्या माणसाचा दहा वर्षांचा धोका त्यांत कमीच दिसणार. जन्मापासूनच्या एलडीएलचा भार त्या गणिताला ठाऊकच नसतो. म्हणून एफएचचे निदान झालेल्या माणसाने हे गणक वापरू नयेत, असे मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात याचे प्रत्यंतर आले. ज्यांचे एलडीएल १३० च्या आत होते आणि जनुकीय दोष नव्हता, त्यांच्या तुलनेत एलडीएल १९० च्या वर असूनही दोष नसलेल्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे सहापट होता. तितकेच एलडीएल आणि सोबत एफएचचा दोष असलेल्यांना तो सुमारे बावीसपट होता.

मग जनुकीय चाचणी सर्वांनीच करावी का?

करता आली तर चांगली, विशेषतः घरातील पहिल्या रुग्णाची. एकदा नेमका बदल सापडला की बाकीच्या नातेवाइकांत तोच एक शोधायचा असतो, आणि हो किंवा नाही असे निःसंदिग्ध उत्तर मिळते. चाचणी महाग आहे आणि लक्षणांवरून निदान पक्के असलेल्या रुग्णांतही दर पाचांमागे एक-दोघांमध्ये ओळखीचा बदल सापडत नाही. तो सापडला नाही म्हणून विकार नाही, असे समजून उपचार थांबवू नयेत. उपचार ठरतात ते एलडीएलवर.

मुलांची तपासणी कोणत्या वयात करावी? लहान वयात कशाला त्या पोराच्या मागे लागायचे, असे आजी म्हणतात.

आईला किंवा वडिलांना एफएच असेल तर दोन वर्षांनंतर कधीही करता येते आणि दहाव्या वर्षापूर्वी नक्की करावी. त्या वयात पथ्य आणि सवयी यांवर भर असतो. स्टॅटिनचा विचार साधारण आठ ते दहा वर्षांपासून होतो. आजींची चिंता समजण्यासारखी आहे. तिला उत्तर नेदरलँड्समधील मुलांनी दिले आहे. एफएच असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी एक टक्क्याला हृदयविकाराची घटना घडली होती. त्यांच्याच एफएचग्रस्त आईवडिलांमध्ये, ज्यांच्या लहानपणी ही औषधे नव्हती, त्याच वयापर्यंत हे प्रमाण सव्वीस टक्के होते.

तपासणी फक्त मुलांपुरती ठेवू नये. भावंडे, आईवडील, आणि त्यांच्यापैकी कुणात दोष निघाला तर काका, आत्या, मामा, मावशी व त्यांची मुले, अशा क्रमाने पुढे जावे. घरातल्या एकाचा रिपोर्ट गुपित राहिला की हा क्रम तिथेच तुटतो. मुलीच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून सांगितले जात नाही, हे डॉक्टरांना माहीत असते; पण ज्या चुलतभावाला सांगितले नाही त्याला मध्येच झटका येऊ शकतो.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. त्याचा याच्याशी संबंध येतो का?

येतो. एकाच घराण्यातले सदोष जनुक नवरा-बायको दोघांकडेही असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बाजूंनी ते मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलांचे एलडीएल बहुधा ४०० च्या पुढे असते. कोपर, गुडघे आणि ढुंगणावर पिवळट गाठी पहिल्या दहा वर्षांतच येतात, आणि उपचार न मिळाल्यास हृदयविकार शाळेच्या वयातही होऊ शकतो. घरचे लोक त्या गाठींना चामखीळ समजून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेतात. लहान मुलाच्या अंगावर अशा गाठी दिसल्या तर त्याच आठवड्यात लिपिड प्रोफाइल करावे आणि केईएम, नायर किंवा सायनसारख्या मोठ्या रुग्णालयात दाखवावे. या मुलांना नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत. यंत्राद्वारे रक्तातून एलडीएल वेगळे काढण्याची प्रक्रिया आणि काही खास औषधे लागतात.

उपचार चालू असताना आकडा किती असावा?

युरोपीय सूचनांनुसार एफएच असलेल्या, पण हृदयविकार न झालेल्या आणि अन्य मोठा धोका नसलेल्या माणसात एलडीएल ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्यात ५५ च्या खाली असावे. शिवाय मूळ आकड्यापेक्षा ते निदान निम्मे झालेले असावे. लिपिड असोसिएशन ऑफ इंडियाने भारतीय रुग्णांसाठी काही गटांत याहूनही खालची मर्यादा सुचवली आहे. लॅबच्या रिपोर्टवर '१०० च्या आत नॉर्मल' असे छापलेले असते, ते या रुग्णांसाठी नाही.

एकाच गोळीने तिथवर पोचणे क्वचितच जमते. समजा, मूळ एलडीएल २८० आहे. पूर्ण मात्रेतील ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन ते साधारण निम्म्यावर, म्हणजे १४० वर आणते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते, म्हणून पुढे इझेटिमाइब हे दुसरे औषध जोडतात. ते उरलेल्यातले सुमारे वीस टक्के कमी करून ११२ पर्यंत नेते. त्यानंतरही गरज राहिली तर पीसीएसके-९ ला अडवणारी इंजेक्शने किंवा, सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदा घ्यायचे इन्क्लिसिरान वापरतात, आणि त्यांनी उरलेले निम्मे किंवा त्याहून अधिक उतरते. त्यांची किंमत मोठी आहे आणि सर्वांना ती झेपत नाही. पण गोळ्यांची जोडी स्वस्त आहे, आणि मुंबईत आज कमी पडते ती बहुधा पुरेशी मात्रा आणि सातत्य.

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत, आणि स्थिरावल्यावर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करावी. दोन तपासण्यांत पाच-दहा टक्क्यांचा फरक शरीराच्या नैसर्गिक चढउतारानेही पडतो. ७२ चे ७७ झाले म्हणून औषध बदलायची गरज नसते.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. तरीही एलडीएल २५० कसे?

कारण बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते, आणि एफएचमध्ये ते रक्तातून उचलण्याचे कामच मंदावलेले असते. तूप, लोणी, वनस्पती तूप आणि तळणीचे तेल कमी केल्याने फायदा होतो, तो करावाच. पण पथ्याने एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते आणि येथे पन्नास टक्क्यांहून अधिक घट हवी असते. म्हणून 'तीन महिने पथ्य करून बघू' हा काळ प्रौढ एफएच रुग्णांत वाया जातो.

गरोदरपणात किंवा आजारात केलेली तपासणी ग्राह्य धरावी का?

गरोदरपणात कोलेस्टेरॉल स्वाभाविकपणेच वाढते, त्यामुळे त्यावरून निदान करू नये. एफएच असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून स्टॅटिनविषयी ठरवावे. उलट मोठा आजार, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांनंतर एलडीएल खाली येते आणि काही आठवडे खालीच राहते. झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांत रक्त घेतले नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा '१४५' हा आकडा मूळ २१० चाही असू शकतो. तरुण रुग्णात एफएच निसटून जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

भाऊ लंडनला असतो. त्याच्या रिपोर्टवर एलडीएल ६.२ लिहिले आहे. ते माझ्या २४० पेक्षा कमी आहे का?

तिकडे मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. कोलेस्टेरॉलचा तो आकडा ३८.६७ ने गुणला की आपले एकक मिळते. ६.२ म्हणजे सुमारे २४०. दोघांचे एलडीएल सारखेच आहे. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र ८८.५ ने गुणावे लागते.

जुने रिपोर्ट ठेवण्याची गरज आहे का?

औषध सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट तर जपून ठेवायलाच हवा, कारण तो आकडा पुन्हा मोजता येत नाही. गोळी चालू असलेल्या माणसाचे ११० एलडीएल पाहून निदान होत नाही. मूळ रिपोर्ट हरवला असेल तर डॉक्टर औषध आणि मात्रा पाहून उलट हिशेब करतात. पूर्ण मात्रेतील स्टॅटिनवर ११० असेल तर मूळ आकडा साधारण २२० च्या आसपास धरतात. केवळ निदानासाठी गोळी थांबवून पाहण्याचा प्रयोग घरच्या घरी करू नये. जुना कागद असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा, त्यावर तारीख आणि एकक दिसेल असे पाहावे, आणि तो कुटुंबातील इतरांनाही पाठवावा.